मुरलेली वीज

टक्. एवढाच आवाज झाला. कोणी काचेच्या पेल्यावर नख मारावं, तेवढा. हुकाच्या टोकाशी निळसर ठिणगी दिसली न दिसली, आणि गोदामात पुन्हा पंख्यांची घरघर तेवढी उरली. ऑरिन हॉगनच्या हातात लांब पिवळी काठी होती, काठीच्या टोकाला तारेनं जमिनीशी जोडलेला तांब्याचा हुक होता आणि तो हुक सातव्या रांगेतल्या तिसऱ्या कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवायच्या डब्याच्या, डोक्यावर टेकलेला होता. तिथून वीतभर अंतरावर वेंडेल स्टॅडनिकचा हात हवेत थांबला होता, तळवा स्वतःकडे आणि बोटांची मागची बाजू पुढे. वेंडेलनं नुकतंच म्हटलं होतं, "रांग मेली." जो रांग मेली म्हणेल, म्हणजे तिच्यात वीज उरली नाही असं सांगेल, त्यानंच पहिला हात लावायचा, आणि तोही उलटा लावायचा, म्हणजे वीज असलीच तर मूठ आवळून तिलाच धरून बसणार नाही, हा नियम वेंडेलनंच घातलेला होता. ऑरिननं काठी लावली ती संशयानं नव्हे. काठी हातात होती, म्हणून लावली. एरवी वेंडेलनं मेली म्हटल्यावर काठी लावायची कुणाला गरज वाटत नसे.

"ठिणगी आली," वेंडेल म्हणाला.

"आली."

"कशी येईल? वेणी घातलीय मी. सगळ्यांना घातलीय." त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून डब्यांच्या मागं बघितलं. दुसऱ्या डब्याची दोन डोकी तांब्याच्या वेणीनं एकमेकांना बांधलेली होती, चौथ्याचीही होती. तिसऱ्याची नव्हती. वेंडेल बराच वेळ तसाच वाकून राहिला, जसं काही पुरेसं बघितलं तर वेणी तिथं उगवेल.

हे डबे जुने होते. एका बंद पडलेल्या सरकारी प्रयोगशाळेच्या लिलावातून कंपनीनं ते ट्रक भरभरून आणले आणि स्पोकेनच्या नदीकाठी, पूर्वी पिठाच्या गिरणीचं गोदाम होतं तिथं, रांगांनी उभे केले. एकेक डबा कमरेएवढा, पत्र्याचा, वर चिनी मातीची दोन शिंगं. आत कागदाच्या गुंडाळ्या आणि एरंडेल. वेंडेल म्हणायचा, "लहानपणी आईनं पाजलं, म्हातारपणी कंपनी पाजतेय. दोघींना माझ्या पोटाची काळजी." वायूला चुंबकाच्या मुठीत पिळून इतकं तापवायचं की त्याचे कण एकमेकांत मिसळावेत, हे कंपनीचं काम. ती मूठ आवळायची तर क्षणभरासाठी एवढी वीज लागते की गावाच्या तारा ती देऊ शकत नाहीत. म्हणून ती डब्यांत सावकाश साठवायची आणि एका झटक्यात तांब्याच्या वेटोळ्यांत ओतायची; त्याला शॉट म्हणत. साठवणं आणि ओतणं हे ऑरिन आणि वेंडेलचं काम. वायूचं पुढं काय होतं ते वरच्या मजल्यावरचे लोक बघत. या जुन्या डब्यांना एक खोड होती. वीज काढून घेतली, मीटरनं शून्य दाखवलं, तरी थोडी आत कागदात आणि तेलात मुरून राहते. डबा नुसता मोकळा सोडला की ती पाझरून पुन्हा डोक्याशी येते. कोणी भरत नाही, ती आपली आपण येते, आणि माणूस मारायला पुरेल इतकी येते. म्हणून काम करायच्या दिवशी सकाळी प्रत्येक डब्याला हुक लावायचा आणि वर वेणी घालायची. मग तो डबा दिवसभर गप्प. सातव्या रांगेला वेंडेलनं आज सकाळी तसं केलं होतं आणि दारावर आपली हिरवी पाटी अडकवली होती. जेवणानंतर दोघं आले होते ते एक तडकलेलं शिंग बदलायला.

ऑरिनचा डावा हात जॅकिटच्या खिशात होता. तिथं बोटांना गोफासारखं काहीतरी लागलं, खरखरीत आणि अंगाच्या उबेनं कोमट झालेलं. ते काय आहे हे बोटांना आधी कळलं आणि त्याला मागून. जेवणाआधी तो एकटाच इथं येऊन गेला होता. तिसऱ्या डब्याची मोजणी नेहमी थोडी कमी येई, ती पुन्हा घ्यावी म्हणून त्यानं वेणी सोडली, मीटर लावला, आकडा बघितला, आणि तेवढ्यात ब्रिटाचा फोन आला. त्याची मुलगी. गोदामात आवाज धड येत नाही म्हणून बोलत बोलत तो बाहेर माल उतरवायच्या ओट्यावर गेला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला येणार नाही म्हणत होती. आईकडं जाणार होती. "तुम्ही एकटेच ना बाबा? मग वेंडेलकाकांकडं जा की." बर्फ भुरभुरत होतं. फोन ठेवून तो तसाच जेवायला गेला. वेणी खिशात राहिली.

अरे वेंडेल, ती मी काढली रे. हे वाक्य पूर्ण तयार होऊन त्याच्या तोंडात आलं होतं. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा होती. मग वेंडेलनं मान वर केली, आणि ऑरिननं त्याचा चेहरा पाहिला. ओठांच्या कडा सैल पडल्या होत्या, डोळे कशाला तरी धरू बघत होते आणि धरायला काही मिळत नव्हतं. इतक्या वर्षांत ऑरिननं या चेहऱ्यावर राग पाहिला होता, हसू पाहिलं होतं, भावाच्या मरणाचं रडू पाहिलं होतं. भीती कधी पाहिली नव्हती. भीती फक्त वेंडेलनं पाहिली होती. ऑरिनची. ऑरिनच्या जिभेखाली काहीतरी गोडसर पाझरलं, ताप उतरताना तोंडाला चव येते तसं, आणि वाक्य आत गेलं. आपण ते गिळलं असं त्याला वाटलं नाही. थोडं थांबू, एवढंच वाटलं. त्याला असा थोडा वेळ बघू.

विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत ऑरिन नवा होता तेव्हाची गोष्ट. घाई होती, हुक न लावता त्यानं एका डब्याच्या डोक्याला हात घातला आणि मूठ आवळली गेली. हात त्याचा राहिला नाही. पुढचं त्याला आठवत नाही. पुढचं वेंडेलला आठवतं. वेंडेलनं झाडूचा लाकडी दांडा उचलून त्याच्या कोपरावर असा मारला की हाड मोडलं आणि मूठ सुटली. ऑरिन जमिनीवर पडला, ओरडला, आणि त्याला पँटीतच लघवी झाली. हे सगळं त्याला वेंडेलच्या तोंडूनच कळलं, आणि मग पुन्हा पुन्हा कळत राहिलं. ऑरिनच्या लग्नात पेला उंचावून वेंडेलनं ते सांगितलं, "नवरीबाई, हा माल तुम्हाला माझ्यामुळं मिळतोय, आणि थोडा ओला झालेला आहे." तंबूभर लोक हसले. ब्रिटाच्या बारशाला सांगितलं. ब्रिटा नऊ वर्षांची असताना तळ्यावर मासे भाजता भाजता सांगितलं, अगदी ऑरिनच्या किंकाळीची नक्कल करून, वर नेऊन शेवटी चिरकणारी, आणि ब्रिटा गवतावर लोळून हसली. "बाबा, खरंच? पँटीत?" ही कंपनी निघाली तेव्हा नव्या मालकीणबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं. शेवट ठरलेला असे, "खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला, लोर्नाला विचारा, ती पँट तिनं धुतलीय!" ऑरिनही हसे. कुठं हसायचं ते त्याला पाठ झालं होतं. त्याची बायको सोडून गेली तेव्हा वेंडेल आणि लोर्नानं त्याला महिनाभर आपल्या घरी ठेवून घेतलं, त्याच्यासाठी सूप केलं, त्याला एकटा सोडला नाही. त्या घरीही एक पाहुणा आला तेव्हा वेंडेलनं ती गोष्ट सांगितली. ऑरिन सूप पीत होता. त्यानं चमचा खाली ठेवला, योग्य जागी हसला, आणि चमचा उचलला.

उपकार करणारा माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. वेंडेलच्या मनात काही नव्हतं. कुणी आपल्या लेकराचं पहिलं पाऊल सांगावं तसं तो ते सांगे. ऑरिनचा जीव ही त्याच्या हातची सर्वांत सुबक वस्तू होती आणि ती तो लोकांना दाखवे. वस्तूला काय वाटतं हे वस्तूला कुणी विचारत नाही. रागही धरता येत नाही. राग धरायला जी छाती लागते, ती छातीच त्यानं वाचवून दिलेली.

"खोकं," वेंडेल एकदम म्हणाला. "वेण्यांचं खोकं बघू. डबे तितक्याच वेण्या केल्यात मी. खोकं रिकामं असेल तर मी घातली होती. मग कुणीतरी काढली."

"तू बस," ऑरिन म्हणाला. "चेहरा बघ कसा झालाय. मी आणतो खोकं. पाणीपण आणतो."

"मी बरा आहे रे."

"बस म्हणतो ना. पडलास तर मला उचलवणार नाहीस, लोर्नानं केक घालून घालून तुला बैल केलाय."

वेंडेल हसला आणि उलट्या बादलीवर बसला. ऑरिन रांगांमधून चालत गेला. खोकं टेबलावर होतं, पाण्याच्या पिंपाशेजारी. झाकण उघडलं. रिकामं. तळाशी तांब्याचा बारीक चुरा आणि एक जुनं च्युइंग गम. त्यानं खिशातून हात काढला. निर्णय म्हणावा असं काही झालं नाही, हे तो नंतर स्वतःला पुष्कळदा सांगणार होता. वेणीची जागा खोक्यात, वेणी खोक्यात ठेवली. वस्तू जिथली तिथं ठेवण्यात काय गैर? ती तळाशी पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मग त्यानं कागदी पेल्यात पाणी भरलं, आणि तिथंच उभं राहून त्याला सुचलं की नुसतं जाऊन सांगू नये. खोकं उचलून न्यावं. त्याला स्वतः बघू द्यावं.

वेंडेलनं आधी पाणी घेतलं नाही. खोकं मांडीवर घेतलं, झाकण उघडलं, आत बघितलं. वेणी बाहेर काढली, बोटांवरून ओढली, दोन्ही टोकं बघितली. ती त्याच्याच हातची होती. टोकाला तो तार तीनदा गुंडाळत असे.

"म्हणजे घातलीच नाही," तो म्हणाला.

ऑरिननं पाण्याचा पेला त्याच्यापुढं धरला.

"पण मला आठवतंय रे. तिसऱ्याला घालताना... शिंग तडकलेलं, म्हणून जपून घातली. मला हाताला आठवतंय."

"कालचं आठवत असेल. रोज तेच तर करतोस."

हे वाक्य किती सहज आलं. वेंडेलनं ते घेतलं आणि मनात उलटंसुलटं करून बघितलं, मघाशी वेणी बघितली तसं. ऑरिनला दिसत होतं तो आत कुठं गेलाय ते. ड्वेनकडं. ड्वेन म्हणजे वेंडेलचा थोरला भाऊ, रस्त्यावरचं बर्फ काढायचा नांगरगाडा चालवी. एका हिवाळ्यात भरदिवसा गाडा गल्लीच्या मधोमध उभा करून तो लोकांना स्वतःच्या घराचा रस्ता विचारत बसला. त्याच्या आधी काय झालं होतं ते घरच्यांच्या मागून लक्षात आलं: शेगडी चालू राहिली, किल्ली फ्रिजमध्ये सापडली, आणि प्रत्येक वेळी तो म्हणे, मी तर बंद केली होती, मला हाताला आठवतंय. शेवटची वर्षं गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात गेली. वेंडेल दर रविवारी जाऊन त्याला भरवी. ड्वेन त्याला बाबा म्हणे.

"ऑरिन," वेंडेल खालच्या आवाजात म्हणाला, "तू काठी लावली नसतीस तर?"

"तर तुझा हात उलटा होता. झटका बसला असता, सुटला असतास."

"आणि माझ्या मागून तू हात घातला असतास. मी मेली म्हटल्यावर. सुलटा."

खरं होतं ते. आणि मग वेंडेलनं जे केलं ते ऑरिनच्या हिशेबात नव्हतं. त्यानं ऑरिनचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, आणि म्हणाला, "तू वाचलास रे बाबा. माझ्या हातून जाणार होतास." त्याचे डोळे भरले होते. ऑरिनला किळस आली. स्वतःची नव्हे, वेंडेलची. इथंही, या क्षणीही, तो ऑरिनचा जीव मोजत होता.

मालकीणबाईंकडं वेंडेल स्वतःहून गेला, ऑरिनला बरोबर घेऊन. सेलेस्ट टफोया वयानं दोघांहून लहान होती, पण गोदामातला प्रत्येक डबा तिनं दारोदार हिंडून मिळवलेल्या पैशावर उभा होता आणि त्यातल्या माणसांशी ती अदबीनं बोले. वेंडेलनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, उलट थोडं वाढवूनच सांगितलं. म्हणाला, अलीकडं नावं आठवायला वेळ लागतो. तिनं ऑरिनकडं बघितलं. "तुम्ही काय पाहिलंत?"

"हुक लावला, ठिणगी आली," ऑरिन म्हणाला. "डब्याला वेणी नव्हती. वेणी खोक्यात सापडली."

एकही शब्द खोटा नव्हता. बोलताना त्याला आपल्या आवाजाचं नवल वाटलं, किती स्वच्छ येतोय, कुठं अडकत नाही.

"एकदा चुकतं माणसाकडून," सेलेस्ट म्हणाली. "वेंडेल, तुम्ही माझ्या याहून मोठ्या चुका माफ केल्यात. एक आठवडा घरी थांबा, मग या. मोठा शॉट तुमच्याशिवाय मी करणार नाही."

"बाई, मेली म्हणणाऱ्याच्या शब्दावर लोक हात घालतात. माझाच माझ्या शब्दावर भरवसा नाही, तर दुसऱ्यानं का ठेवावा?" आणि त्यानं गळ्यातली किल्ली काढली. प्रत्येकाची अशी एक किल्ली असे. आत जाताना बरोबर न्यायची, बाहेर आल्यावर फळ्यावर अडकवायची, आणि सगळ्या किल्ल्या फळ्यावर आल्याशिवाय डबे भरले जात नसत. तो फळाही वेंडेलनंच लावलेला. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि ऑरिनकडं वळून बघितलं. तू सांग ना काहीतरी, असं ते बघणं होतं. मी वेडा होतोय असं तुला वाटत नाही ना, हे सांग. सेलेस्टही त्याच्याकडंच बघत होती. खोलीत दोघांनाही हवं होतं की ऑरिननं म्हणावं, छे, काहीतरीच काय. ऑरिननं वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा निर्णय आहे," तो म्हणाला. "मी तुझ्या पाठीशी आहे."

त्या दिवसापासून त्याला चांगली झोप येऊ लागली. हे त्याला स्वतःलाच विचित्र वाटलं. टोचणी येईल म्हणून तो वाट बघत होता, जिन्यावर पाऊल वाजण्याची बघावी तशी. ती आली नाही. उलट अंगात एक हलकेपण आलं. रांगांमधून चालताना मागं कुणी गोष्ट सांगत चालत नव्हतं. नवी दोन माणसं कामावर आली, त्यांना तळघर माहीत नव्हतं, झाडू माहीत नव्हता. ते त्याला मिस्टर हॉगन म्हणत. रात्री अंथरुणावर तो कोपर चाचपून बघे, हाड जिथं वेडंवाकडं जुळलं होतं ती गाठ, आणि पहिल्यांदाच त्याला वाटे, ही माझी आहे. मात्र एक गोष्ट त्याला खटकू लागली. रात्री पडल्या पडल्या तो वेंडेलचा तो सैल पडलेला चेहरा आठवे, आणि दर वेळी तो थोडा फिका पडत चालला होता. जी चव जिभेखाली आली होती ती आता मुद्दाम आणावी लागत होती.

मोठ्या शॉटच्या दिवशी बर्फ थांबलं होतं. सगळ्या रांगा पहिल्यांदाच एकदम सोडायच्या होत्या. आयुष्यभर दोघं याच दिवसाबद्दल बोलले होते. वेंडेल म्हणायचा, त्या दिवशी मी दाढी करून येईन. सेलेस्ट खिडकीशी उभी होती, तिनं ऑरिनला बोलावलं. कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडं, वेंडेल उभा होता. टोपी, जुना कोट. त्याचा ट्रक कुठं दिसत नव्हता. बसनं आला होता. गाडी चालवणं त्यानं सोडलं होतं, कुणी सांगण्याआधीच. दाढी केलेली होती.

"आत बोलावू या त्यांना," सेलेस्ट म्हणाली. "काचेमागं उभे राहतील. त्याला किल्ली थोडीच लागते?"

"नको," ऑरिन म्हणाला. "त्याला त्रास होईल. इथं आल्यावर त्याला आठवेल, काय काय आठवत नाही ते." इतक्या हळुवारपणे तो हे बोलला की सेलेस्टनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

डबे भरले. किल्ल्या सगळ्या फळ्यावर होत्या. एका खिळ्यावर काही नव्हतं आणि त्यानं काही अडत नव्हतं. मग जमिनीतून तो धक्का आला, पोटात लागणारा, एखादं मोठं दार खाली कुठंतरी आपटावं तसा, आणि वरच्या मजल्यावर लोक ओरडले. वेटोळी शाबूत होती, स्विच शाबूत होते. आकडा चांगला आला होता. कुणीतरी ऑरिनच्या पाठीवर थापा मारल्या. तो खिडकीशी गेला. वेंडेल टोपी हातात घेऊन उभा होता, मान थोडी कलती, जमिनीतून काही आलं का ते पायांनी ऐकत असल्यासारखा. आलं असावं. तो हसत होता, एकटाच, शेजारी कुणी नसताना. मग बसथांब्याकडं चालू लागला. थांबा डावीकडं होता. तो आधी उजवीकडं वळला, थबकला, आणि परत फिरला. कुणीही असं वळतं. पण वेंडेल थबकला तेव्हा त्यानं चहूकडं बघितलं, आपल्याला कुणी पाहिलं का ते. चव लगेच परत आली.

लोर्नाचा फोन आला तो नाताळच्या आधी. "डॉक्टरांना काही सापडत नाही, ऑरिन. मेंदूचे फोटो काढले, आकडे म्हणून घेतले, चित्रं काढायला लावली, सगळं ठीक. पण हा मानतच नाही. म्हणतो डॉक्टरांना सुरुवातीला कळत नाही, ड्वेनचंही कळलं नव्हतं. घरभर चिठ्ठ्या लावल्यात. शेगडीपाशी उठून जातो, बघतो, परत येतो, परत जातो. मला चहा करू देत नाही. तू रविवारी ये. तुझंच ऐकतो तो."

रविवारी दुपारी तो गेला. दारात बर्फ नीट झाडलेलं होतं, कडा सरळ. वेंडेल बारीक झाला होता. स्वयंपाकघरात प्रत्येक कपाटावर त्याच्या सुबक अक्षरांत चिठ्ठी होती: बश्या, मीठ, औषधं. लोर्नानं ऑरिनला बोळात गाठलं आणि बाही धरली. "एक विचारू? त्या दिवशी... तोच होता ना? म्हणजे वेणीचं. दुसऱ्या कुणाची चूक नसेल? एवढं एकच तर झालंय, बाकी सगळं त्याच्या मनात आहे. कुणी सांगितलं ना की ते तू नव्हतास, तर हा उद्या उठून उभा राहील."

तिच्या नाकाच्या शेंड्यावर पीठ लागलं होतं. याच बाईनं ती पँट धुतली होती, आणि त्यावरून एकदाही त्याला चिडवलं नव्हतं. हे ऑरिनच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. एक क्षण त्याच्या छातीत काहीतरी हललं, आणि त्यानं त्या हलण्याकडं बघितलं, माणूस रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याकडं बघतो तसं, जवळ येतंय का जातंय.

"मी तिथंच होतो, लोर्ना," तो म्हणाला. "मला आवडलं असतं तसं सांगायला."

तिनं बाही सोडली. "आइस्क्रीम बाहेरच्या फ्रीजरमध्ये आहे," ती म्हणाली आणि डोळे पुसत मागच्या दारानं बाहेर गेली.

वेंडेल केक कापत होता. सफरचंदाचा होता, आणि तुकडे असे एकसारखे की मोजून घ्यावेत. त्यानं ऑरिनच्या कॉफीत साखर घातली नाही; ऑरिन घेत नाही हे त्याला माहीत होतं. ब्रिटाची परीक्षा कशी झाली ते त्यानं विचारलं, विषयाच्या नावासकट. सातव्या रांगेचं शिंग बदललं का ते विचारलं. नव्या पोरांपैकी उंच आहे तो काठी खांद्यावर टाकून चालतो, त्याला सांग, म्हणाला; बाहेर उभ्या उभ्या त्याला ते खिडकीतून दिसलं होतं. ऑरिन ऐकत होता आणि बघत होता. या माणसाच्या डोक्यात एक धागाही ढिला नव्हता. सगळं जागच्या जागी, त्याच्या हत्यारांच्या कपाटासारखं.

"ऐक," वेंडेल म्हणाला, आणि सुरी खाली ठेवली. "लोर्ना आत यायच्या आधी बोलतो. ड्वेनच्या वेळी आम्ही कुणी त्याला सांगितलं नाही. चूक झाली की म्हणायचो, असू दे, होतं असं. त्याला वाटायचं सगळं ठीक आहे, आणि एक दिवस सगळंच गेलं. मला तसं जायचं नाही. लोर्ना सांगणार नाही, तिचा जीव होणार नाही. डॉक्टर मला ओळखत नाहीत. तू मला ओळखतोस. माझ्यात काही दिसलं की तू सांगायचंस, तोंडावर. आणि आश्रमात जायची वेळ आली की तेही तूच सांगायचंस. तू म्हणालास की मी बॅग भरेन. भांडणार नाही. सांगशील?"

"सांगेन."

"शपथ?"

"शपथ."

वेंडेलनं सुस्कारा सोडला. त्याचे खांदे खाली आले, इतक्या दिवसांनी कुणीतरी ओझ्याला हात लावल्यासारखे. मागच्या दाराशी लोर्ना बूट झटकत असल्याचा आवाज आला. वेंडेल पुढं झुकला. त्याचे डोळे स्वच्छ होते, आणि त्यांत भीतीइतकीच आशा होती.

"मग आत्ता सांग. आत्ता तुला काही दिसतंय का माझ्यात?"

हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. ना आज, ना आधी कधी. लोर्ना आइस्क्रीमचा डबा छातीशी धरून आत आली आणि दारातच थांबली. ऑरिननं टेबलावरून हात पुढं केला आणि वेंडेलच्या हातावर ठेवला.

"वेंडेल," तो अगदी हळू म्हणाला, "हे तू मला मघाशीच विचारलंस."

वेंडेल लोर्नाकडं बघू लागला. ती बाहेर होती. तिला काय माहीत असणार? तिनं नजर खाली वळवली. वेंडेल पुन्हा ऑरिनकडं वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिला, आपल्याकडून हरवलेलं याच्याकडं ठेवलेलं असेल अशा भरवशानं.

"हो का?" तो म्हणाला. "मग तू काय सांगितलंस?"